तिकीट आईच्या नावाचं

सराव संपल्यावर बर्फाच्या टबात गळ्यापर्यंत बसलं की व्हर्डेल गिलरीला आपलं गाव दिसायला लागायचं. आधी पाय बधिर व्हायचे, मग कंबर, आणि मग टबातलं पाणी हळूहळू तपकिरी, कोमट होत जायचं. पाण्यातून वर आलेली झाडं दिसायची, त्यांच्यावरून लोंबणारं करडं शेवाळ दिसायचं, आणि त्या सगळ्यातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आई चालत यायची. ती पाण्यावरूनच चालायची आणि त्यात तिला काही विशेष वाटत नसे. "जेवलास का रे," एवढंच विचारायची.

"गिलरी, निघ आता बाहेर. कोळंबीसारखा गोठशील," असं कोणीतरी ओरडायचं, आणि आयोवातल्या ब्रँटली गावची पांढरी फरशी पुन्हा डोळ्यांसमोर यायची.

व्हर्डेल लुइझियानाचा, पार खाली दलदलीच्या मुलखातला. तीनशे पौंडांचा देह, आणि स्वभाव असा की दारातून आत येताना दारालाच माफ कर म्हणेल. ब्रँटलीच्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊन फुटबॉलसाठी आणलं होतं. चेंडू हातात धरून पळायचा, तो फुटबॉल. पण चार वर्षांत चेंडूला त्याचा हात लागला नव्हता. त्याचं काम रांगेच्या डाव्या टोकाला उभं राहायचं. चेंडू फेकणारा गडी उजव्या हाताने फेकतो, त्यामुळे डाव्या बाजूने मागून कोण अंगावर येतंय ते त्याला दिसत नाही. ते व्हर्डेलने बघायचं आणि अडवायचं. काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही तर टाळ्या कोण कशाला वाजवेल?

शिष्यवृत्तीत फी होती, खोली होती, जेवण होतं, पुस्तकं होती. गावातले लोक म्हणायचे, पोरांची चंगळ आहे, सगळं फुकट. खोटं नव्हतं ते. फक्त खिसा तेवढा मोकळा होता. हंगामात नोकरी करायला वेळ नाही, आणि कुणी काही प्रेमाने दिलं तर घ्यायचं नाही. खेळाडूला खेळाडू म्हणून काहीही मिळालं की तो नियमभंग. ही नियमावली उशीएवढी जाड होती. व्हर्डेल पहिल्या वर्षाला होता तेव्हा तर अशी गंमत होती, की अधल्यामधल्या वेळेला पाव दिलेला चालायचा, पण त्या पावाला काही फासलेलं चालायचं नाही. फासलं की त्याचं जेवण होतं म्हणे. आता हे ज्यांनी बसून लिहिलं त्यांच्या घरी कोण स्वयंपाक करत असेल, देव जाणे.

व्हर्डेलची तक्रार नव्हती. त्याला एकच गोष्ट हवी होती.

घरच्या मैदानावरचा हंगामातला शेवटचा सामना शेवटच्या वर्षाच्या मुलांचा असतो. खेळ सुरू होण्याआधी एकेकाचं नाव पुकारतात, मुलगा आईवडलांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातो, आईला फूल देतात, आणि मग मुलगा खेळायला पळतो. व्हर्डेलने हे तीन वर्षं दुसऱ्यांचं बघितलं होतं. त्याच्या आईने, युलालीने, त्याला खेळताना एकदाही बघितलं नव्हतं. खेकडे सोलायच्या कारखान्यात ती कामाला. तिथल्या टीव्हीवर एकदोनदा त्याचा सामना लागला, तर फोनवर म्हणाली, "दोन तास डोळे फाडून बघत होते. तू कुठे दिसलाच नाहीस. तो पोरगा मात्र छान पळतो हो." कॅमेरा चेंडूमागे फिरतो आणि व्हर्डेल चेंडूपासून लांब, त्याला कोण काय करणार.

यंदा तिने यायचं ठरवलं होतं. पैसे साठवलेही होते, पण सप्टेंबरच्या वादळात छप्पर उडालं आणि पैसे छपराला लागले. विद्यापीठाकडून व्हर्डेलला सामन्याचे चार फुकट पास मिळायचे घरच्यांसाठी. ते ड्रॉवरमध्ये पडून होते. हजार मैलांवरून आईला आणून त्या खुर्चीत बसवणार कसं, हे त्या पासांवर लिहिलेलं नव्हतं.

"मग तिला सांगितलंस का येऊ नको म्हणून?" टिलरी न्हाव्याने विचारलं.

रॉस्को टिलरीचं दुकान बसस्थानकाच्या समोर. सत्तरीचा म्हातारा, मूळचा मिसिसिपीचा, रेल्वेत काम करायला इकडे आला आणि इथेच राहिला. व्हर्डेलच्या केसांना नीट हात लावू शकेल असा ब्रँटलीत तो एकटाच. नियमाला पक्का. चार वर्षांत त्याने व्हर्डेलला एकदाही केस कापायचे पैसे सोडले नव्हते, व्हर्डेलकडे नसले की म्हणायचा, "मग केस वाढव आणि पुढच्या महिन्यात ये. माझ्यामुळे तुला बाहेर बसवायला नको."

"सांगायचंय," व्हर्डेल म्हणाला. डोळे मिटलेले होते. कात्रीच्या आवाजात त्याला आई दिसत होती. मैदानावर धुकं होतं, धुक्यात ती एकटीच उभी होती आणि स्पीकरवरून कोणीतरी दुसरंच नाव पुकारत होतं. "मी सांगतो, पण ती माझं ऐकूनच घेत नाही. ती आल्यावर काय काय करायचं तेच बोलत बसते."

"आया तशाच." टिलरीने त्याची मान पुढे वाकवली. मग मानेवरचे केस झटकत म्हणाला, "हे बघ पोरा, नियम तुझ्यासाठी आहे. बरोबर? तुला मी काही द्यायचं नाही."

"बरोबर, सर."

"तुझी आई काही फुटबॉल खेळत नाही."

"नाही, सर."

"मग मी एका बाईला बसचं तिकीट पाठवलं तर तुझा काय संबंध? तिकिटावर नाव तिचं. तू मध्ये हातसुद्धा लावू नकोस. पत्ता मात्र सांग."

व्हर्डेलने आरशात त्याच्याकडे पाहिलं. दोघंही सरळ माणसं, त्यामुळे दोघांनाही ते पटलं. सगळ्यात वाईट तेच झालं. नियमावलीच्या पोटात कुठेतरी आणखी एक ओळ होती, की खेळाडूच्या घरच्या माणसाला दिलेलं तेही खेळाडूलाच दिल्यासारखं. ती ओळ वाचायला वकील लागतो. व्हर्डेलने पत्ता सांगितला. त्या दिवशीही टिलरीने केस कापल्याचे पैसे मोजून घेतले.

त्यानंतरचे पंधरा दिवस व्हर्डेल जमिनीवर नव्हताच. वर्गात बसला की खिडकीबाहेरची कापणी झालेली मक्याची शेतं पाण्याने भरून यायची आणि त्यातून एक बस होडीसारखी संथ यायची. मैदानावर समोरून येणाऱ्या गड्याच्या छातीवर हात टेकताना त्याला वाटायचं, आपण एक मोठं दार धरून उभे आहोत आणि आई आत येईपर्यंत ते मिटू द्यायचं नाही. तो इतका सुंदर खेळत होता की कोचने, आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्या पाठीवर थाप मारली.

आणि त्याच कोचने त्याला समितीसमोर पाठवलं.

झालं होतं असं, की खेळाडूंना दरमहा थोडा हातखर्च द्यायला वरच्या संघटनेने मुभा दिली होती. द्यायचा की नाही, ते ज्या त्या विद्यापीठाने ठरवायचं. ब्रँटलीत समिती बसली. तिला एका खेळाडूचं म्हणणं ऐकायचं होतं. "तू जा," कोच म्हणाला. "तू भांडत नाहीस. आणि खरं बोलतोस."

सोमवारी दुपारी लांब टेबलाभोवती आठ माणसं बसली होती. बाहेर बर्फ भुरभुरत होता. व्हर्डेलने खुर्चीत मावेल तेवढं अंग बसवून घेतलं आणि हात मांडीवर ठेवले. आधी डोर्न नावाचे विश्वस्त बोलले. जुने शेतकरी, लालबुंद मान, आवाज गुरांना हाकायचा.

"मी पहाटे गोठे साफ करून शिकलो या कॉलेजात. वास जायचा नाही अंगाचा, पोरी लांब बसायच्या. ह्यांना राहायला खोली, खायला मांस, वर फी माफ. आता सिनेमालाही पैसे द्यायचे? नुसते लाड आहेत. बाकीची पोरं कर्ज काढून शिकतात, त्यांच्या तोंडाकडे कोणी बघायचं?"

"बाकीची पोरं कँटीनमध्ये काम करू शकतात, मिस्टर डोर्न," अध्यक्ष व्हिटकॉमबाई म्हणाल्या. त्या अर्थशास्त्र शिकवायच्या. "ह्यांना वेळ कुठे आहे? शनिवारी साठ हजार माणसं येतात ती ह्यांना बघायला येतात, तुमच्या माझ्यासाठी नाही."

"म्हणजे ते नोकर झाले. मग पगारच द्या आणि शिक्षण बंद करा."

दोघांचंही खरं होतं, आणि व्हर्डेल दोघांचंही ऐकत नव्हता. बर्फात बस दिसत होती. गुरुवारी सकाळी ती निघणार. आईने शेजारणीचा कोट मागून आणला होता, हे तिने काल फोनवर तीनदा सांगितलं होतं.

"व्हर्डेल," व्हिटकॉमबाईंनी हाक मारली, बहुतेक दुसऱ्यांदा. "एकच विचारते. महिन्याला थोडे पैसे मिळाले असते तर तू काय केलं असतंस?"

"आईला आणलं असतं, मॅडम."

आणि मग तो बोलत गेला. इतकं सलग तो चार वर्षांत कुणाशी बोलला नव्हता. छप्पर उडालं ते सांगितलं, खेकडे सोलून आईच्या बोटांना पडलेल्या चिरा सांगितल्या. टीव्हीसमोर बसून ती त्याला शोधत राहते आणि तो सापडत नाही, तेही सांगितलं. "तिला वाटतं मी खेळतच नसेन आणि तिला बरं वाटावं म्हणून सांगत असेन," तो म्हणाला. "तसं म्हणत नाही ती. पण मला कळतं." डोर्न यांनी रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं. व्हर्डेलला वाटलं आपल्यामुळे ह्या भल्या माणसांना वाईट वाटतंय. त्यांना बरं वाटावं म्हणून तो घाईने म्हणाला, "पण आता काळजी नाही. ती शनिवारच्या सामन्याला येतेय. मिस्टर टिलरींनी तिला तिकीट पाठवलंय. माझ्या हाताला लागलंसुद्धा नाही, तिच्याच नावाचं आहे."

टेबलाच्या कोपऱ्यात हाल्वर्सन बाई टिपणं घेत होत्या. नियमांचं खातं त्यांच्याकडे होतं. त्यांचं पेन थांबलं.

"टिलरी म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "ते दुकानवाले? सामन्यांना येतात?"

"एकही चुकवत नाहीत, मॅडम," व्हर्डेल अभिमानाने म्हणाला. "दर वर्षी हंगामाचा पास काढतात. कसली वर्गणी असेल तर तीही देतात."

बाईंनी डोळे मिटून घेतले. संघाचा पाठीराखा, वर्गणीदार, आणि खेळाडूच्या आईला तिकीट. आता नियमभंगाबद्दल शंकेला जागा राहिली नव्हती. व्हर्डेलने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांत शेवटी त्याला कळलं.

हातखर्चाचा ठराव त्याच दुपारी एकमताने मंजूर झाला. डोर्न यांनी हात सगळ्यात आधी वर केला. अंमलबजावणी पुढच्या वर्षापासून.

दुसऱ्या दिवशी हाल्वर्सन बाईंनी त्याला खोलीत बोलावलं. समोर काचेच्या भांड्यात गोळ्या होत्या. व्हर्डेलचा हात सवयीने पुढे गेला आणि ह्यांचाही काही नियम असेल म्हणून मागे आला.

"घे," बाई म्हणाल्या. "त्या सगळ्यांसाठी असतात." मग कागदाकडे बघतच बोलल्या, "हे मिटवायची पद्धत अशी आहे. तिकिटाची रक्कम तू एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यायची. मग मी वर कळवायचं, आणि त्यांची परवानगी आली की तू खेळायचं. पैसे मात्र तुझे स्वतःचे पाहिजेत."

"माझ्याकडे नाहीत, मॅडम. असते तर मीच तिकीट काढलं असतं."

"मला माहीत आहे. काल रात्री डोर्न यांचा फोन आला होता. म्हणाले, मी भरतो. त्यांनी भरले तर तो दुसरा नियमभंग." त्या हसायला गेल्या आणि त्यांना जमलं नाही. "आणि भरले असतेस तरी गुरुवार-शुक्रवार थँक्सगिव्हिंगच्या सणाची सुट्टी. वर कोणी फोन उचलणार नाही. व्हर्डेल, त्या खोलीत आठ माणसं होती. मी ऐकलं नाही असं म्हणू शकले नसते. वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की म्हणावं."

"तुमची चूक नाही, मॅडम," व्हर्डेल म्हणाला. बाईंना त्याचा फार राग आला. आदळआपट करायचं सोडून हा पोरगा आपलीच समजूत घालतोय, हे त्यांना सोसेना.

संध्याकाळी त्याने आईला फोन लावला. येऊ नको म्हणायचं, हे घोकून ठेवलं होतं.

"कोट मला जरा मोठा होतो, पण ऐटबाज आहे," युलाली म्हणाली. "आणि ऐक, कारखान्यात सगळ्यांना सांगितलंय. म्हटलं, यंदा टीव्ही नाही, प्रत्यक्ष. तू काहीतरी सांगणार होतास ना?"

"थंडी फार आहे इथे," व्हर्डेल म्हणाला. "मोजे जास्त घे."

ती शुक्रवारी दुपारी उतरली. तीस तास बसमध्ये बसून पाय सुजले होते आणि कोट खरंच मोठा होता. व्हर्डेलने तिला उचललंच. कोणी गाडीतून सोडतो म्हणालं असतं तर तेही चाललं नसतं, म्हणून दोघं चालतच निघाली, तो रस्त्याच्या बाजूने आणि ती आतून. समोर टिलरीचं दुकान होतं. खेळाडूंपासून लांब राहावं, असं पत्र त्याला परवाच मिळालं होतं. म्हातारा दुकानाच्या दारात नुसता उभा होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली. तो पुढे काही आला नाही.

"तोच का तो? अरे, मग त्याला भेटायला नको? चल."

"आई, थांब. आधी ऐक."

दोन चौक चालेपर्यंत व्हर्डेलने सगळं सांगितलं. बर्फाने सगळे आवाज गिळले होते आणि रस्ता पांढराशुभ्र, रिकामा होता. त्याला वाटलं की हे चालणंही आपण टबात बसून बघतोय. पण तिचा हात कोपराला घट्ट होता, आणि तो खरा होता.

"म्हणजे मी आले म्हणून तू खेळणार नाहीस?"

"नाही. मी बोललो म्हणून."

युलाली थांबली. "मग परत जाते मी. आत्ता जाते. म्हणजे खेळू देतील?"

"नाही ग. आता काही उपयोग नाही."

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडली, अगदी मोठ्याने, लोक बघतील याची पर्वा न करता. मग कोटाच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्या माणसाला माझ्याशी बोलायची बंदी आहे, पण मला नाही ना त्याच्याशी बोलायची? तू लांब उभा राहा." ती मागे वळली, थेट दुकानापर्यंत गेली आणि तिने टिलरीचे दोन्ही हात हातात घेतले. ती काय बोलली ते व्हर्डेलला ऐकू आलं नाही.

शनिवारी त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो साध्या कपड्यांत तिच्याबरोबर मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेला. तिला फूल मिळालं. साठ हजार माणसं उभी राहिली. गावात सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. मग बाकीची मुलं खेळायला पळाली. व्हर्डेलला संघाबरोबर कडेला उभं राहायची मुभा होती, पण आई एकटी कुठे बसणार. तो तिचा हात धरून पायऱ्या चढला. फुकट पासांच्या चार खुर्च्यांपैकी दोन त्याच्या एकट्यालाच लागल्या.

खेळ सुरू झाला. वरून मैदान फार लहान दिसत होतं आणि त्यावरची माणसं आवाज न करता पाण्याखाली हलल्यासारखी हलत होती. व्हर्डेलने आपला खेळ कधी वरून बघितला नव्हता.

"तुझी जागा कुठली?" युलालीने विचारलं.

"ती. डावीकडून पहिली. तिथे तो पोरगा उभा आहे ना, पहिल्या वर्षाचा आहे."

"बरं." ती पुढे सरकून बसली. चेंडू उडाला, लोक ओरडले, माना वळल्या. तिची वळली नाही. ती त्या एका जागेकडे बघत राहिली. तीन वेळा खेळ थांबून पुन्हा सुरू झाला, तीन वेळा ती तशीच.

चौथ्या वेळी समोरचा गडी त्या पहिल्या वर्षाच्या मुलाला वळसा घालून आत शिरला. मुलगा नुसताच वळला. चेंडू फेकणारा दुसरीकडे बघत होता. मागून धडक बसली आणि तो असा पडला की त्याचा आवाज वरपर्यंत आला. व्हर्डेल उभा राहिला होता, दोन्ही हात पुढे, तळवे उघडे. आपण उभे आहोत हे त्याला कळलंही नव्हतं.

खाली लोक धावले. बऱ्याच वेळाने तो चेंडू फेकणारा कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन उठला.

"तू असतास तर?" युलालीने विचारलं.

"पडला नसता."

"चार वर्षांत कधी असा पडला?"

"माझ्या बाजूने नाही."

तिने त्याचा पुढे धरलेला हात खाली घेतला, आपल्या मांडीवर ठेवला आणि चिरा पडलेल्या बोटांनी त्यावरून हात फिरवत राहिली.

"दिसलास हो," ती म्हणाली. "आज दिसलास."